रेकेनहोल्झची मलमली माशी

झ्युरिक म्हटले की प्रवाशाच्या डोळ्यांपुढे प्रथम सरोवर येते, मग बाहनहोफश्ट्रासवरील घड्याळांची व बँकांची दालने, आणि मग तेथून निघणाऱ्या आल्प्सच्या गाड्या. महाराष्ट्रातून व गुजरातेतून जाणाऱ्या कौटुंबिक सहलींचा मुक्काम येथे बहुधा एक-दोन रात्रींचाच असतो. शहराच्या उत्तर सीमेवर आफोल्टर्न नावाचे उपनगर आहे. मुख्य स्थानकातून उपनगरी रेल्वेने तेथे काही मिनिटांत पोहोचता येते, पण सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत त्याचे नाव नसते. इमारतींच्या रांगा संपताच गहू, मका, बटाटा आणि गवताचे पट्टे सुरू होतात. वायव्येस झाडीत काट्झेनझे ही दोन जोडतळी आहेत. उन्हाळ्यात तेथे पोहणाऱ्यांची गर्दी असते आणि भोवतीची दलदल संरक्षित आहे. क्लोटेन विमानतळ जवळच असल्याने डोक्यावरून विमानांची ये-जा चालू असते. या शेतांच्या मधोमध रेकेनहोल्झ येथे स्विस संघराज्याचे कृषी संशोधन केंद्र आहे.

पाहण्यासारखे काही आहे का, असे कुणी विचारले तर उत्तर देणे अवघड जाईल. साध्या, नीटनेटक्या इमारती, काचेची घरे, प्रयोगाचे वाफे व त्यांवरील क्रमांकांच्या पाट्या, एवढेच तेथे दिसते. तरीही गेल्या पाव शतकात शेतीविषयीचा एक मोठा प्रश्न ज्या थोड्या ठिकाणी खोलात जाऊन तपासला गेला, त्यांत या जागेचे नाव अग्रभागी आहे. किडीपासून स्वतःचे रक्षण करू शकेल असे पीक मनुष्याने घडविले, तर त्या पिकाच्या परागकणांमुळे आणि त्यावर पोसलेल्या किडीमुळे शेतकऱ्याला उपकारक असणाऱ्या कीटकांचे काय होते, हा तो प्रश्न.

हा प्रश्न येथेच उपस्थित व्हावा याला कारण होते. मक्याचे खोड पोखरणारी एक अळी युरोपात मोठे नुकसान करते. तिच्यावर विषारी फवारणी करण्याऐवजी तिच्या अंड्यांत आपली अंडी घालणारी ट्रायकोग्रामा ही अतिसूक्ष्म गांधीलमाशी वाढवून शेतात सोडण्याची पद्धत डॉ. फ्रान्झ बिगलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेकेनहोल्झला विकसित केली. आपल्याकडील शेतकरी ‘ट्रायकोकार्ड’ म्हणून जे कागदी पट्टे पिकाच्या पानांना टाचतात, ते याच कुळातले. शत्रूच्या बंदोबस्तासाठी निसर्गातीलच मित्र हाताशी धरण्याची परंपरा असलेल्या संस्थेला नव्या पिकाकडे पाहताना पहिली चिंता मित्रकीटकांची वाटली, हे स्वाभाविकच होते.

या मित्रकीटकांतील एकाला जर्मन भाषेत ‘फ्लोरफ्लीग’ म्हणतात. ‘फ्लोर’ म्हणजे विरळ विणीचे तलम, पारदर्शक वस्त्र, आणि ‘फ्लीग’ म्हणजे माशी. कापडाच्या व्यापारात आयुष्य घालविलेल्या वाचकाला ‘मलमली माशी’ हे भाषांतर आवडावे. पोपटी अंग, सोन्यासारखे चमकणारे डोळे आणि अंगाहून लांब, जाळीदार पंख असे तिचे रूप असते. पानावर केसाएवढा बारीक देठ उभारून त्याच्या टोकाला ती एकेक अंडे ठेवते. शरद ऋतू सरला की तिचा हिरवा रंग तपकिरी होतो, आणि आडोसा शोधत ती घरांच्या माळ्यांवर शिरते. वसंतात पुन्हा हिरवी होऊन ती बाहेर पडते. विदर्भ-खानदेशातील कापूस उत्पादकाला तिची भावकी अपरिचित नाही. कृषी विद्यापीठे जिची अंडी शेतात सोडण्याची शिफारस करतात ती ‘क्रायसोपा’ हीच.

या कीटकाच्या आयुष्याचे दोन भाग आहेत, आणि पुढचा सारा वाद समजण्यासाठी ते ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. अळीच्या अवस्थेत तो शिकारी असतो. मावा, कोळी, लहान अळ्या व अंडी यांना तो विळ्यासारख्या दोन पोकळ जबड्यांनी धरतो आणि त्यांच्या शरीरातील रस शोषून घेतो. पंख फुटल्यावर मात्र तो शिकार सोडतो व परागकण, मधुरस आणि माव्याने सोडलेला चिकटा यांवर जगतो. मक्याला तुरे आल्यावर एका मादीच्या आतड्यात हजारो परागकण सापडतात. म्हणजे पिकातील नवे द्रव्य या कीटकापर्यंत दोन वाटांनी पोहोचू शकते. बाल्यावस्थेत भक्ष्याच्या शरीरातून आणि प्रौढावस्थेत थेट परागातून.

ते द्रव्य कोणते, हेही पाहिले पाहिजे. १९०१ मध्ये जपानमधील इशिवाता यांना रेशमाचे किडे मारणारा एक जिवाणू आढळला. पुढे १९११ मध्ये जर्मनीतील थुरिंगिया प्रांतातल्या पिठाच्या गिरणीत सापडलेल्या पतंगाच्या अळीत अर्न्स्ट बर्लिनर यांना तसाच जिवाणू मिळाला, आणि प्रांताच्या नावावरून त्याचे बॅसिलस थुरिंजिएन्सिस असे नामकरण झाले. ‘बीटी’ हा त्याचाच संक्षेप. या जिवाणूतील प्रथिन विशिष्ट अळ्यांच्या आतड्यात गेले की आतड्याच्या भिंतीला छिद्रे पडतात आणि अळी मरते. हे प्रथिन निर्माण करणारे जनुक वनस्पतीत घातले की ती बीटी वनस्पती होते. अमेरिकेत १९९६ पासून बीटी मका व बीटी कापूस शेतांत आले. मक्याच्या काही वाणांत हे प्रथिन पानांबरोबर परागकणांतही चांगल्या प्रमाणात असे, तर काहींत परागातील त्याचे प्रमाण अगदी अल्प असे. सगळा बीटी मका एकाच मापाने मोजता येत नाही, ही बाब पुढे महत्त्वाची ठरली.

१९९८ मध्ये डॉ. अँजेलिका हिलबेक आणि त्यांच्या रेकेनहोल्झमधील सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अळ्यांना बीटी मक्याची पाने खाऊ घालायची आणि त्या अळ्या मलमली माशीच्या पिल्लांना भक्ष्य म्हणून द्यायच्या, अशी त्याची रचना होती. बीटी मक्यावर वाढलेले भक्ष्य खाणाऱ्या पिल्लांपैकी ६२ टक्के पिल्ले प्रौढ होण्याआधीच मेली. साध्या मक्यावर वाढलेले भक्ष्य खाणाऱ्यांत हे प्रमाण ३७ टक्के होते. याच गटाच्या दुसऱ्या प्रयोगात प्रथिन कृत्रिम खाद्यात मिसळून दिले गेले, तेव्हा मृत्यूचे प्रमाण ५७ टक्के आणि प्रथिनाविना ३० टक्के भरले. शत्रूवर सोडलेला बाण मित्रालाही लागतो की काय, ही शंका या आकड्यांनी जगभर पोहोचविली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी मोनार्क फुलपाखराच्या अळ्यांवर बीटी मक्याच्या परागाचा घातक परिणाम प्रयोगशाळेत दाखविला आणि विषय वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर गेला.

मोनार्कच्या शंकेचे निरसन अमेरिकेत बऱ्याच अंशी दोन वर्षांत झाले. अनेक विद्यापीठांनी मिळून केलेल्या व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असे दिसले की, परागात जास्त प्रथिन असणारा एक वाण खरोखरच अपायकारक होता. मात्र तो फार थोड्या क्षेत्रावर होता आणि लवकरच बाजारातून गेला. इतर प्रमुख वाणांच्या परागाचा प्रत्यक्ष शेतातील धोका नगण्य ठरला. पण फुलपाखरू पाने खाते, आणि मलमली माशी शिकार करते. तिच्या बाबतीत आणखी एक गुंता होता.

तो गुंता रेकेनहोल्झच्याच संशोधकांनी सोडविण्यास घेतला. बीटी मका खाल्लेली अळी स्वतः आजारी पडते, तिची वाढ खुंटते. अशी रोगट शिकार खाऊन पिल्लू मेले, तर ते प्रथिनाच्या विषाने मेले की निकृष्ट अन्नाने? २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पिल्लांना तीन निरनिराळी भक्ष्ये दिली गेली. मावा वनस्पतीच्या रसवाहिन्यांतील गोड रस पितो. त्या रसात बीटी प्रथिन जवळजवळ उतरत नाही, त्यामुळे माव्याच्या अंगातही ते आढळले नाही आणि पिल्लांना काही झाले नाही. कोळी पानांच्या पेशींतील द्रव्य शोषतो. त्याच्या अंगात प्रथिन सर्वांत जास्त सापडले, पण स्वतः कोळ्याला त्याची बाधा होत नाही. आणि तो खाऊन पिल्लेही धडधाकट राहिली. पिल्लांना त्रास झाला तो फक्त अळीच्या आहारात, जी अळी स्वतः बीटीने दुर्बल झालेली होती. २००४ मध्ये शेतात संभवते त्याहून कित्येक पटींनी जास्त शुद्ध प्रथिन साखरेच्या पाण्यातून पिल्लांना पाजले गेले. त्यानेही अपाय दिसला नाही.

उरली परागाची वाट. २००८ मध्ये डॉ. यॉर्ग रोमाइस यांच्या गटाने प्रौढ माश्यांना बीटी मक्याचे परागकण खाऊ घातले. त्यांत जास्त प्रथिनयुक्त पराग असणारा तो जुना वाणही होता. माश्यांचे आयुष्य किंवा त्यांनी घातलेल्या अंड्यांची संख्या, यांत फरक पडला नाही. १९९८ च्या नोंदीतील आकडे खोटे नव्हते. ते चुकीच्या खात्यावर नावे पडले होते, असे हिशेबाच्या भाषेत म्हणता येईल.

मात्र त्याच वेळी हिलबेक यांनी उपस्थित केलेला एक आक्षेप खोडता येण्यासारखा नव्हता. पिकांच्या मंजुरीसाठी आधी झालेल्या काही चाचण्यांत पतंगांच्या अंड्यांना बाहेरून प्रथिनाचा लेप देऊन ती मलमली माशीच्या पिल्लांना खाऊ घातली होती, आणि पिल्ले सुखरूप राहिल्याने प्रथिन निर्धोक आहे असा निष्कर्ष काढला होता. पण हे पिल्लू अंडे चावून खात नाही. जबडा आत खुपसून केवळ रस शोषते. टरफलावरचा लेप त्याच्या पोटात जाण्याचा संभव फार थोडा. म्हणजे ज्या प्रयोगातून ‘अपाय नाही’ असे सिद्ध केले, त्यात विष दिलेच गेले नव्हते म्हणण्यासारखी स्थिती होती. अपाय दाखविणाऱ्या प्रयोगात कारण ओळखण्यात गफलत, तर अपाय नाकारणाऱ्या प्रयोगात जेवण ओळखण्यात गफलत. ज्या जीवाचे बरेवाईट ठरवावयाचे, तो कसा जेवतो हे आधी नीट पाहिले पाहिजे, हा रेकेनहोल्झच्या कथेतील सर्वांत मोलाचा धडा होय.

वाद एवढ्यावर संपला नाही. २००९ मध्ये हिलबेक यांच्या गटाने दोन ठिपक्यांच्या ढालकिड्यावरील प्रयोग प्रसिद्ध केला. ढालकिडा भक्ष्य चावून खातो, म्हणून येथे अंड्यांवरचा लेप उपयोगी पडतो. या प्रयोगात कोवळ्या अळ्या मोठ्या संख्येने मेल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जर्मनीने बीटी मक्याच्या लागवडीवर बंदी घातली, तेव्हा दिलेल्या कारणांत या अभ्यासाचाही समावेश होता. २०११ मध्ये रेकेनहोल्झच्या गटाने वेगळ्या पद्धतीने ढालकिड्यांना प्रथिन दिले व अपाय आढळला नाही असे कळविले. २०१२ मध्ये हिलबेक यांनी प्रत्युत्तर दिले. प्रत्येक अवस्थेत केवळ एक दिवस प्रथिन देऊन पुढे स्वच्छ आहार दिला तर अळ्या सावरतात. अखंड देत राहिले तर मृत्यू वाढतात, असे त्यांचे म्हणणे होते. हिलबेक तोवर झ्युरिकच्याच संघीय तंत्रशास्त्र विद्यापीठात काम करीत होत्या. एकाच शहरातील दोन प्रयोगशाळा, एकच कीटक, आणि दोन निरनिराळी उत्तरे! आज बहुसंख्य शास्त्रज्ञांचे मत असे की, प्रचलित बीटी मक्याचा पराग शेतातील प्रमाणात मलमली माशीला वा ढालकिड्याला घातक नाही. तथापि किती दिवस खाऊ घातले, कशावर लावून खाऊ घातले आणि शेतात तो जीव खरोखर किती खातो, हे प्रश्न प्रत्येक नव्या पिकासाठी पुन्हा विचारावे लागतात, ही गोष्ट या वादामुळेच रूढ झाली.

शास्त्रज्ञांचे वाद चालू असता स्विस नागरिकांनी आपला निर्णय निराळ्या मार्गाने घेतला. २७ नोव्हेंबर २००५ रोजी झालेल्या सार्वमतात सुमारे ५६ टक्के मतदारांनी आणि सर्वच्या सर्व कँटनांनी जनुकीय परावर्तित पिकांच्या व्यापारी लागवडीला पाच वर्षांची स्थगिती देण्याच्या बाजूने मत दिले. त्यानंतर संसदेने ती मुदत वेळोवेळी वाढविली. संशोधनाला मात्र मुभा राहिली. २००७ ते २०१२ या काळात राष्ट्रीय संशोधन कार्यक्रमाखाली या पिकांची तपासणी झाली, आणि पर्यावरणाला व आरोग्याला त्यांच्यापासून विशेष अपाय आढळला नाही असा निष्कर्ष निघाला. तरीही स्थगिती उठली नाही. २००८ मध्ये रेकेनहोल्झच्या शेतातील जनुकीय परावर्तित गव्हाच्या प्रयोगावर तोंडे झाकलेल्या लोकांनी हल्ला करून रोपे तुडविली. त्या अनुभवानंतर २०१४ मध्ये तेथे सुमारे तीन हेक्टरांचे कुंपणबंद, पहाऱ्याखालील प्रयोगक्षेत्र उभे राहिले. लागवड नको म्हणणाऱ्या देशाने तपासणी थांबू नये म्हणून स्वतःच्या खर्चाने पहारा बसवावा, हे दृश्य विचार करायला लावणारे आहे. माल बाजारात आणणे आणि माल पारखणे ही दोन कामे वेगळी आहेत, हे तत्त्व व्यापारी घराण्यांना नव्याने सांगावयास नको.

रेकेनहोल्झपासून यवतमाळ, जळगाव किंवा हिंगणघाट फार दूर असले तरी हा विषय तेथील बाजारपेठांना परका नाही. भारतात बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये मंजुरी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले, आणि आज जिनिंगमध्ये येणारा बहुतेक कापूस बीटीचाच असतो. कापसाचा पराग मक्यासारखा वाऱ्यावर उडत नाही. तो जड व चिकट असतो, आणि कीटकांच्या अंगालाच लागून जातो. परागामुळे आपला क्रायसोपा नाहीसा होईल ही भीती त्यामुळे फारशी उरत नाही. त्याचा खरा वैरी कोण, हे चीनमधील एका दीर्घ अभ्यासाने दाखविले. उत्तर चीनच्या सहा प्रांतांतील ३६ ठिकाणांच्या १९९० ते २०१० या काळातील नोंदी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. बीटी कापूस आल्यावर फवारण्या घटल्या, आणि फवारण्या घटल्याबरोबर ढालकिडे, मलमली माश्या व कोळिष्टके विणणारे कोळी वाढले, मावा कमी झाला. शेजारच्या मका, भुईमूग व सोयाबीनच्या शेतांनाही त्या मित्रांचा लाभ मिळाला.

म्हणजे मित्रकीटकांचे भवितव्य फवारणीवर अवलंबून होते. आपल्याकडे नेमके तेथेच घोडे अडले. प्रारंभीच्या वर्षांत हिरव्या बोंडअळीवरील फवारे कमी झाले. पुढे मावा, तुडतुडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडी वाढल्या, आणि गुलाबी बोंडअळीने बीटी प्रथिन पचविण्याची शक्ती कमावली. फवारे परत आले. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि ग्लेन डेव्हिस स्टोन यांनी २०२० मध्ये मांडलेल्या ताळेबंदानुसार कीटकनाशकांवरील शेतकऱ्याचा खर्च बीटीपूर्व काळाहूनही वर गेला होता. २०१७ च्या हंगामात तर यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ज्या फवाऱ्याने पाठीवर पंप घेतलेला माणूस वाचला नाही, त्यातून केसाएवढ्या देठावरचे अंडे वाचेल, ही अपेक्षाच व्यर्थ होय.

पाणी गाळून पिणाऱ्या घरात वाढलेल्या वाचकाला या साऱ्या प्रकरणात एक पेच जाणवेल. ज्याला वाचवावयाचे तो जीवही दुसऱ्या जीवांना खाऊनच जगतो, मग दया कोणावर करावी? शेताकडे पाहिले म्हणजे या पेचाचा एक पदर सुटतो. मलमली माशी आपल्या भुकेपुरते खाते आणि थांबते. फवारा थांबत नाही. तो मावा, माशी, मधमाशी व माणूस असा भेद करीत नाही. जेथे ती माशी टिकून आहे, तेथे फवाऱ्याची एक पाळी टळते, आणि त्या एका पाळीत मरणारे असंख्य जीव वाचतात.

यासाठी बाजारपेठेच्या हातीही काही गोष्टी आहेत. बियाणे व औषधांची दुकाने गावोगावी व्यापारी कुटुंबेच चालवितात, आणि शेतकऱ्याला पहिला सल्ला पुष्कळदा त्या गादीवरूनच मिळतो. बिगर-बीटी कपाशी अथवा तूर कडेने लावण्याची आठवण करणे, फरदड न ठेवता हंगाम संपताच पऱ्हाट्या काढावयास सांगणे, गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे दुकानात ठेवणे, आणि किडीने नुकसानीची पातळी गाठली नसेल तेव्हा औषधाची बाटली न खपविणे, हे सारे त्या सल्ल्यात बसते. शेवटच्या गोष्टीने त्या दिवसाचा गल्ला थोडा कमी होईल. पण कपाशीच्या पानामागे पांढऱ्या देठांवर मोहरीहूनही बारीक अंडी उभी दिसली, तर ती वाया गेलेली विक्री नव्हे, गावाच्या खात्यावर पडलेली जमा आहे, असे समजावे.